जुन्या मोटारसायकलची घरगुती पुनर्बांधणी : आधी इंजिन, शेवटी रंग

जुनी मोटारसायकल घरच्या घरी पुन्हा चालती करण्याच्या कामाला दोन अंगे असतात. एक पुनर्बांधणीचे, म्हणजे झिजलेले, गंजलेले किंवा मध्यंतरी कोणीतरी बदललेले भाग मूळ स्थितीला आणण्याचे. आणि दुसरे ट्यूनिंगचे, म्हणजे ठिणगी, इंधन आणि हवा यांचा मेळ असा जमवण्याचे की इंजिन थंड असताना एक-दोन किकांत सुरू व्हावे, तापल्यावर बंद पडू नये आणि कोणत्याही वेगाला अडखळू नये. पुष्कळ ठिकाणी काम रंगापासून सुरू होते, गाडी पूर्ण खोलली जाते, चेसिस आणि टाकी रंगाऱ्याकडे जाते, आणि इंजिनात नेमके काय बिघडले होते हे तपासण्याची संधी तेथेच निघून जाते, कारण खोललेल्या इंजिनाचा आवाज, धूर आणि गळती ही तिन्ही लक्षणे नाहीशी झालेली असतात. म्हणून या कामाचा क्रम उलटा धरावा: आधी गाडी आहे त्या अवस्थेत तपासावी, मग इंजिन दुरुस्त करून ते नीट जुळवावे, आणि रंग व चकाकी सर्वांत शेवटी घ्यावी.

नागपूरजवळच्या मौदा आणि त्याच्या आसपासच्या धानाच्या पट्ट्यात घराच्या पडवीत वा गोठ्याच्या कडेला धूळ खात उभ्या राहिलेल्या गाड्या पाहिल्या, तर त्यांत तीन घराणी प्रामुख्याने आढळतील. पहिली एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत, जी पोलंडच्या ‘एसएचएल एम ११’ या गाडीच्या परवान्यावर १९६०च्या दशकात भारतात बनू लागली आणि जिची जाहिरात पुढे धर्मेंद्र यांनी केली. तिच्या सिलिंडरचा व्यास ६१ मिलिमीटर, पिस्टनची चाल ५९.५ मिलिमीटर आणि क्षमता १७३ घनसेंटिमीटर. दुसरे घराणे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचे. तेथे १९६१ मध्ये जावा गाड्यांचे उत्पादन सुरू झाले, १९७३ पासून त्याच बांधणीची गाडी येझदी या नावाने विकली गेली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तिचा सिलिंडर ६५ मिलिमीटर व्यासाचा आणि ७५ मिलिमीटर चालीचा आहे. तिसरी, १९५५ पासून मद्रासला एन्फिल्ड इंडियाने जोडायला घेतलेली ३४६ घनसेंटिमीटरची बुलेट. पहिल्या दोन्ही घराण्यांची इंजिने टू-स्ट्रोक आहेत आणि बुलेटचे फोर-स्ट्रोक. हा भेद नीट समजल्यावाचून पुढचे कोणतेही काम हाती घेऊ नये.

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण व्हॉल्व्हमधून सरळ सिलिंडरमध्ये येते. टू-स्ट्रोकमध्ये ते आधी पिस्टनच्या खालच्या बाजूला, क्रँक फिरतो त्या पेटीत ओढले जाते, तेथे दाबले जाते आणि मग सिलिंडरच्या भिंतीतील खाचांतून, म्हणजे पोर्टमधून, वर चढते. याचा अर्थ असा की क्रँकची पेटी हा स्वतःच एक पंप असतो, आणि त्या पंपाला कोठेही बारीकशी फट पडली तर कार्बोरेटर कितीही जुळवला तरी इंजिन नीट चालणार नाही. जुन्या राजदूत वा येझदीच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ येथे सापडते, आणि कार्बोरेटरवर उगाच दोष ठेवला जातो तोही याच कारणाने.

पैसा खर्च करण्यापूर्वी कागदपत्रे पाहणे श्रेयस्कर. मौदा तालुका नागपूर ग्रामीण प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे ‘एमएच ४०’ या क्रमांकाच्या कक्षेत येतो. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी होऊन दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि ती दहा वर्षे वैध राहते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोज शेतावर किंवा नागपूरला जाण्यासाठी गाडी वापरायची असेल, तर व्हिंटेज नोंदणीच्या मोहात न पडता साध्या नोंदणीचे नूतनीकरणच करावे. कोणत्याही प्रकारात चेसिसवरचा क्रमांक हा गाडीचा जन्मदाखला असतो. गंज काढताना त्यावर ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर फिरवू नये, आणि तेथे रंगही पातळच द्यावा, म्हणजे तपासणीच्या वेळी पेन्सिलने त्याचा ठसा उमटेल.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या गाडीला थेट किक मारणे ही सर्वांत महाग पडणारी घाई होय. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतील, तर जोराच्या किकेने रिंग तुटते आणि तिचा तुकडा पोर्टमध्ये अडकून सिलिंडर ओरबाडतो. आधी स्पार्क प्लग काढावा, त्या छिद्रातून थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडावे, दोन-चार दिवस मुरू द्यावे, मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलवावे. पिस्टन सुटला की तो सहज वर-खाली होऊ लागतो. न सुटल्यास जबरदस्ती न करता हेड आणि सिलिंडर उतरवावा. खोलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, नट-बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या नावाच्या वेगळ्या डब्यात ठेवावेत, आणि निकामी झालेला मूळ भागही भंगारात देऊ नये, कारण लेथवाल्याला नवा भाग बनवून मागायचा झाला तर माप घेण्यासाठी तोच नमुना उपयोगी पडतो.

सिलिंडर उतरवल्यावर रिंग पिस्टनवरून काढून सिलिंडरमध्ये सपाट बसवावी आणि तिच्या दोन टोकांतील फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांच्या मापकाने, मोजावी. ६५ मिलिमीटरच्या सिलिंडरला नव्या रिंगेची फट ०.२ ते ०.३ मिलिमीटर असणे योग्य, आणि ती एक मिलिमीटरच्या जवळ गेली असेल तर रिंग बदलायलाच हवी. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे असतील किंवा वरच्या टोकाला बोटाला जाणवणारी कड तयार झाली असेल, तर केवळ नव्या रिंगा घालून भागत नाही. अशा वेळी सिलिंडर बोअर करून, म्हणजे व्यास किंचित वाढवून, त्याला जुळणारा मोठा पिस्टन बसवावा लागतो. पिस्टन आधी हातात घ्यावा आणि मगच लेथवाल्याने त्या पिस्टनच्या मापाला बोअर करावे, उलट क्रमाने नव्हे, कारण बाजारातील एकाच मापाच्या दोन पिस्टनमध्येही सूक्ष्म फरक असतो. टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगेच्या खाचेत एक बारीक खिळा असतो. रिंगेचे टोक फिरून पोर्टमध्ये अडकू नये यासाठी तो असतो, म्हणून रिंगेची दोन्ही टोके त्या खिळ्याच्या दोन्ही अंगांना नीट बसली आहेत याची खात्री करूनच सिलिंडर खाली सरकवावा.

यानंतर येतात क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती घट्ट बसणाऱ्या रबरी कड्या. गाडी बंद राहिली की त्यांचे रबर कडक होते. क्लचच्या बाजूची सील गेली तर गिअरपेटीतील तेल इंजिनात ओढले जाऊन दाट पांढरा धूर निघतो आणि गिअरपेटीतील तेल कोठेही न गळता कमी होत जाते. मॅग्नेट किंवा डायनॅमोच्या बाजूची सील गेली तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, आणि थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा वेग चटकन उतरत नाही. हे दुसरे लक्षण अधिक घातक, कारण पातळ मिश्रणाने पिस्टन इतका तापतो की त्याच्या माथ्याला भोक पडू शकते. खात्री करण्याचा घरगुती उपाय असा: कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून त्यांची तोंडे रबरी पत्रा व लोखंडी पट्टी लावून बंद करावीत, प्लगच्या छिद्रात जुन्या प्लगमधून केलेली व्हॉल्व्हची नळी बसवावी, सायकलच्या पंपाने प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ०.४ किलो इतकाच दाब द्यावा, आणि प्रत्येक जोडावर व सीलवर साबणाचे पाणी लावून फुगे येतात का ते पाहावे. अधिक दाब देऊ नये, नाहीतर चांगली सीलही उलटते. फुगा जेथे येईल तेथे गळती, मग अंदाजाने काही बदलण्याची गरज उरत नाही.

टाकीतील गंज काढण्यासाठी खडे घालून ती हलवण्याची पद्धत रूढ असली तरी तिने पातळ पत्र्याला पोच पडतात. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, लिटरभर कोमट पाण्याला साठ ते शंभर ग्रॅम या प्रमाणात विरघळवून टाकी काठोकाठ भरावी आणि रोज पाहत एक-दोन दिवस ठेवावी. गंज निघाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, लगेच उन्हात वाळवावे आणि टू-टी ऑइल मिसळलेले थोडे पेट्रोल आत फिरवून घ्यावे, कारण स्वच्छ झालेला उघडा पत्रा काही तासांतच पुन्हा तांबूस पडतो. टाकीला भोक असेल तर ते घरी वेल्डिंग करून बुजवण्याचा विचारही करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ती स्फोटासाठी पुरेशी ठरते.

आजचे पेट्रोल हे त्या काळचे पेट्रोल नव्हे, आणि या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष केल्यास उत्तम जुळवलेली गाडीही महिन्याभरात कुरकुरू लागते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुने रबर फुगवते, आणि ज्या जुन्या कार्बोरेटरमध्ये लाखेचा लेप दिलेल्या बुचाचा तरंग, म्हणजे फ्लोट, असतो, त्याची लाख विरघळवते. लेप गेलेले बूच पेट्रोल पिऊन जड होते, वर तरंगत नाही, आणि कार्बोरेटर सतत भरून वाहत राहतो. अशा गाडीत पितळी किंवा आधुनिक प्लास्टिकचा फ्लोट बसवावा, पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी घ्यावी, आणि गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. मूळ सुटा भाग जपण्याचा आग्रह योग्य असला तरी येथे तो सोडणे शहाणपणाचे, कारण हा भाग दिसत नाही आणि त्यावाचून गाडी चालत नाही.

आता ठिणगी. कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी ठिणगीची वेळ निश्चित करावी, कारण वेळ चुकलेली असताना मिश्रण जुळवणे म्हणजे हललेल्या तराजूवर धान मोजण्यासारखे आहे. ठिणगी देणाऱ्या यंत्रणेत पॉइंट नावाचे दोन छोटे धातूचे संपर्क असतात. ते एकमेकांपासून अलग होतात त्या क्षणी कॉइलमध्ये मोठा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी पडते. पॉइंटच्या टोकांवर खड्डे पडले असतील तर ते बारीक कानसीने घासून सपाट करावेत, पेट्रोलने पुसून कोरडे करावेत आणि पूर्ण उघडलेल्या अवस्थेत त्यांतील अंतर ०.४ मिलिमीटर ठेवावे. हे अंतर आधी, आणि वेळ नंतर. अंतर बदलले की वेळही आपोआप सरकते, त्यामुळे उलट क्रमाने केलेले काम वाया जाते.

वेळ मोजण्यासाठी प्लगच्या छिद्रात डायल गेज, म्हणजे सूक्ष्म अंतर दाखवणारा काट्याचा मापक, बसवावा आणि पिस्टन सर्वांत वर असताना तो शून्यावर आणावा. जुन्या जावा २५० साठी पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ३.२ ते ३.५ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. इतर गाड्यांचा आकडा त्या-त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, ऐकीव माहितीवर विसंबू नये. प्लगचे छिद्र तिरपे असेल तर त्यातून घेतलेले माप चुकते, अशा वेळी हेड उतरवून मोजणे बरे. पिस्टन ठरलेल्या अंतरापेक्षा थोडा अधिक खाली नेऊन मग इंजिनाच्या चालीच्या दिशेने हळू वर आणावा, म्हणजे दात्यांतील ढिलेपणाचा फरक मापात येत नाही. पॉइंट नेमके केव्हा सुटतात हे डोळ्यांना दिसत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या जावात पॉइंटची तार आणि चेसिस यांच्यामध्ये सहा व्होल्टचा छोटा दिवा जोडून चावी चालू केली, तर पॉइंट उघडताच दिवा लागतो. मॅग्नेटवर चालणाऱ्या राजदूतमध्ये ही युक्ती लागू पडत नाही. तेथे पॉइंटमध्ये सिगारेटचा अतिशय पातळ कागद धरून त्याला हलका ताण द्यावा, आणि तो ज्या क्षणी सुटेल तो क्षण धरावा. कागद सुटताना मनगटाला जाणवणारी ती किंचितशी सैल हालचाल दोन-तीनदा पुन्हा करून पाहिली आणि गेजवर दर वेळी तोच आकडा आला, तरच पॉइंटच्या पाटीचे स्क्रू आवळावेत, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा मोजावे, कारण आवळताना पाटी हमखास थोडी सरकते.

गाडी थंड असताना उत्तम सुरू होते, पाच-दहा किलोमीटरवर बंद पडते आणि सावलीत अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर आधी कंडेन्सर बदलून पाहावा. पॉइंट उघडताना तेथे होणारी ठिणगी शोषून घेणारा हा छोटा डबा उष्णतेने निकामी होतो, आणि पॉइंटमध्ये निळसर चमक दिसणे ही त्याची खूण होय. तो बदलूनही तक्रार तशीच राहिली तर कॉइल तपासावी.

मिश्रणाची जुळणी करताना कार्बोरेटरचा प्रत्येक भाग थ्रॉटलच्या वेगवेगळ्या टप्प्यावर काम करतो हे लक्षात ठेवावे. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, एक चतुर्थांश ते तीन चतुर्थांश या टप्प्यात सुई, आणि त्यापुढे मुख्य जेट. सुईच्या वरच्या टोकाच्या खाचांत बसणारी क्लिप वरच्या खाचेत घातली की सुई खाली उतरते आणि मिश्रण पातळ होते, खालच्या खाचेत घातली की गाढे होते. तपासणीसाठी इंजिन पूर्ण तापवून, मोकळ्या रस्त्यावर ज्या टप्प्याची तपासणी करायची त्या थ्रॉटलवर थोडे अंतर चालवावे, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढून आतील चिनी मातीचा भाग पाहावा. बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग योग्य, काजळीसारखा काळा गाढ्या मिश्रणाचा आणि पांढराफटक पातळ मिश्रणाचा. इथेनॉलयुक्त पेट्रोलवर हा रंग मुळातच थोडा फिकट दिसतो, एवढी सूट मनात धरावी.

मौद्यासारख्या ठिकाणी या जुळणीला हवामानाचा मोठा संदर्भ आहे. नागपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो (२३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता) आणि जानेवारीच्या पहाटे बारा अंशांच्याही खाली उतरतो. ४५ अंशांची हवा १२ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे हिवाळ्यात जुळवलेली गाडी उन्हाळ्यात गाढे मिश्रण ओढते आणि उन्हाळ्यात जुळवलेली हिवाळ्यात पातळ. या दोहोंत पातळ मिश्रण इंजिनाला मारक असल्याने मुख्य जुळणी थंडीच्या दिवसांत, सकाळच्या हवेत करावी आणि उन्हाळ्यात फार तर सुईची क्लिप एक खाच वर घ्यावी. त्यात इथेनॉलची भर पडते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५ भागच पुरते. म्हणजे जुन्या जेटवर आजचे पेट्रोल काहीसे पातळ पडते आणि मुख्य जेट एक पायरी मोठा लागतो. जावाच्या जिकोव्ह कार्बोरेटरच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत दाखवतो, तेव्हा ९५ ऐवजी ९८ चा जेट बसवल्यास छिद्राचे क्षेत्र साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि एवढी वाढ सहसा पुरते. छिद्र तारेने किंवा सुईने खरवडून मोठे करणे मात्र कटाक्षाने टाळावे.

बुलेटची जुळणी तत्त्वतः अशीच, पण तीत दोन गोष्टी निराळ्या. इंजिन पूर्ण थंड असताना आणि पिस्टन दाबाच्या चालीत सर्वांत वर असताना टॅपेट असे लावावेत की पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा दांडा, बोटांनी गोल फिरेल परंतु वर-खाली हलणार नाही. ठिणगीची वेळ, ती आपोआप आगाऊ करणारी यंत्रणा पूर्ण मिटलेल्या अवस्थेत असताना, पिस्टन वर पोहोचण्याच्या ०.८ मिलिमीटर आधी धरावी. तिच्या जुन्या बोल्टांचे आटे ब्रिटिश मापाचे असल्याने मिलिमीटरचे पाने लावून त्यांची डोकी गोल करू नयेत. योग्य पाने आधी मिळवावेत आणि मगच इंजिन उघडावे.

इंजिन मनासारखे चालू लागल्यावर रंगाकडे वळावे. चेसिसला पावडर कोटिंग केले तर तो लेप वीज वाहू देत नाही, आणि अर्थिंग तुटल्याने दिवे मिणमिणतात. जेथे वायरिंगची अर्थिंग चेसिसला लागते तेथील लेप खरवडून धातू उघडा करावा किंवा स्वतंत्र तार ओढावी. टाकीवरची हाताने मारलेली सोनेरी रेघ शाबूत असेल तर ती जपावी. त्या काळच्या रंगाऱ्याच्या हाताची ती खूण असते, आणि नव्या रंगाने ती परत आणता येत नाही. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून फडके पिशवीत बांधून टाकावे. जावाच्या क्लचच्या बुचाच्या प्लेटा बसवण्यापूर्वी रात्रभर तेलात भिजवाव्यात.

नव्या रिंगा किंवा पिस्टन घातलेल्या गाडीला पहिले पाचशे किलोमीटर रुळू द्यावे लागते. मौद्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ यासाठी सोयीचा नाही, कारण जड वाहनांच्या वेगाशी जुळवून घेताना थ्रॉटल सतत एकसारखा उघडा राहतो. रामटेक किंवा कुही या दिशेचे गावांतून जाणारे रस्ते अधिक बरे, कारण तेथे वेग सतत बदलता ठेवता येतो. या काळात टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलिलिटर, म्हणजे पंचविसास एक, या प्रमाणात टू-टी ऑइल मिसळावे. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते, त्यामुळे वेगात असताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये घरंगळू देऊ नये, नाहीतर फिरणाऱ्या पिस्टनला त्या क्षणी तेलच मिळत नाही. उन्हाळ्यात हे काम सकाळी दहाच्या आत उरकावे आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरला इंजिन निवू द्यावे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळावेत, पॉइंटमधील अंतर तपासावे, कारण नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला झपाट्याने झिजते, आणि मळणीच्या दिवसांतील भुसा अडकला असेल तर हवेची जाळी काढून धुवावी.